कृष्णधवल फोटो : आजीचं कुंकू कुठं गेलं?

रानजाई

गेली पाच-सहा वर्षं मी फोटो काढते, त्यातले निम्मे तरी कृष्णधवल. आजवर माझी समजूत अशी होती की रंग काढून टाकला की कृष्णधवल फोटो उरतो. मागच्या महिन्यात ती समजूत मोडली, आणि ज्या प्रकारे मोडली ते अजून मनातून जात नाही. म्हणून हा धागा.

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. गाव खटाव तालुक्यात. त्यांना भेट म्हणून दोघांचा एक मोठा फोटो करून द्यायचा, असं मी दिवाळीतच ठरवलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी दोघांना सोप्यात बसवलं. दाराकडून येणारा कोवळा, तिरपा उजेड. आजोबा पांढऱ्या टोपीत, आजी हिरव्या इरकलीत. आजीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आणि कुंकवाच्या खाली, भुवयांच्या मधोमध, एक बारीक गोंदलेली तुळस. ती तुळस जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मला ती फोटोत हवी होती.

घरी आल्यावर संगणकावर कृष्णधवल करून बघितले. तयार सेटिंगं एकामागून एक लावून पाहिली. त्यात 'लाल फिल्टर' नावाचं सेटिंग लावलं आणि मी थांबलेच. कातडी उजळली, उन्हानं पडलेले डाग मावळले आणि गोंदण असं उठून आलं की तुळशीची पानं मोजून घ्यावीत. इरकल गर्द काळी झाली, तिचे लाल काठ पांढरे झाले. फारच देखणा फोटो दिसत होता. मी तो १२ बाय १८ इंचात छापून घेतला, सागवानी चौकट केली.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांसमोर कागद फाडून फोटो दाखवला. आजी दोन्ही हातांत चौकट धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आगं, माझं कुकू कुठं गेलं?"

खरंच नव्हतं. कपाळ स्वच्छ. एवढं रुपयाएवढं कुंकू, आणि त्याचा मागमूससुद्धा नव्हता. आजोबा तिच्या शेजारी पाटावर बसलेले, ओवाळणी चाललेली. कुणी काही बोललं नाही. आत्यानं फोटो उचलून आतल्या खोलीत नेला आणि तो तिथंच राहिला.

मी तो फोटो किमान शंभर वेळा पाहिला असेल. तुळशीची पानं पाहिली, सुरकुत्या पाहिल्या, चौकटीचं लाकूड निवडताना दोन तास घातले. कुंकू नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्यासाठी तो 'टोन', राखाडीची एक छटा होता.

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची रंगीत फाइल आहे, त्यामुळे फोटो पुन्हा करता येईल. पण आता मला समजून घेऊन करायचा आहे. हे नेमकं कशामुळे होतं? कुंकूही दिसेल आणि गोंदणही दिसेल असं करता येतं का? तुमच्याही कृष्णधवल फोटोंमागच्या गोष्टी इथं लिहा.

घाटमाथा

वाचून पोटात कालवलं. लाल फिल्टर मी डोंगरांच्या फोटोंना कायम वापरतो. निळं आभाळ काळंभोर होतं आणि ढग कापसासारखे सुटे होतात. माणसांवर तो काय करत असेल याचा विचारच केला नव्हता.

स्फटिक

रानजाई, यात तुमचा दोष एवढाच की फिल्टरच्या नावाचा अर्थ कुणी तुम्हाला सांगितला नव्हता. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर प्रत्येक टिंबासमोर एक इवलीशी रंगीत काच असते. निम्म्या काचा हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. त्यातून प्रत्येक टिंबासाठी तीन आकडे तयार होतात : लाल किती, हिरवा किती, निळा किती. कृष्णधवल करायचं म्हणजे या तीन आकड्यांतून एक आकडा काढायचा. 'लाल फिल्टर' म्हणजे फक्त लालचा आकडा ठेवायचा आणि बाकीचे दोन जवळपास फेकून द्यायचे.

आता कुंकू लाल का दिसतं? ते लाल उजेड परत पाठवतं आणि हिरवा-निळा गिळून टाकतं. आपली गव्हाळ कातडीही लाल उजेड भरपूर परत पाठवते. म्हणजे फक्त लाल उजेडात पाहिलं तर कुंकू आणि कपाळ सारखेच. गोंदण निळसर-हिरवं, ते लाल उजेड गिळतं, म्हणून काळं उठून आलं. तुमच्या फोटोत जे हरवलं आणि जे सापडलं, ती एकाच कारणाची दोन टोकं आहेत.

एक काम करा. मूळ रंगीत फाइल उघडा आणि रंग मोजायचं पिपेट घेऊन तीन ठिकाणी टेकवा : कुंकू, त्याच्या बाजूचं कपाळ आणि गोंदणाची तुळस. येतील ते आकडे इथं द्या. मग अंदाजानं बोलायला नको.

हायपो

रानजाईताई, मी सांगली जिल्ह्यातला. वडिलांचा स्टुडिओ होता, नंतर मी चालवला. रंगीत मशीनं आली तोपर्यंत आयुष्य डार्करूममध्ये गेलं. तुमचा हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडील सुरुवातीला ऑर्थो फिल्म वापरत. ऑर्थोला लाल दिसतच नाही. म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता येते, समोर ट्रेमध्ये चेहरा कसा चढतो ते डोळ्यांनी पाहता येतं. लाल दिसत नाही म्हणजे लाल वस्तू काळी. ओठ काळे, पान खाल्लेलं तोंड काळं आणि कुंकू तर डांबरासारखं काळं. कातडीही एक घर सावळी यायची, चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ दिसायची. गिऱ्हाइकाला सावळेपणा नको असायचा, पण कुंकवाची तक्रार कधी यायची नाही.

मग पॅनक्रोमॅटिक फिल्म घरोघर झाली. तिला सगळे रंग दिसतात, म्हणून ती पूर्ण अंधारात धुवायची, हातानं चाचपडत. आमच्याकडं उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल यायचे. पॅन फिल्मवर चेहरा छान गोरा यायचा. आणि स्टुडिओतला उजेड मोठ्या बल्बांचा, बल्बच्या उजेडात लालच जास्त. म्हणजे कुंकू आणखी फिकं. वडिलांना बायका विचारायच्या, तुमच्या आजीनं विचारलं अगदी तेच.

उपाय एकच होता. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं रिटचिंग करता येतं, पण पेन्सिलीनं निगेटिव्ह दाट होते, म्हणजे कॉपीवर ती जागा उजळते. देवीचे व्रण बुजवायला ते बरोबर. कुंकवाला उलटं हवं, गडद करायला. म्हणून ते काम कॉपीवर. ब्रोमाइड, म्हणजे फोटो छापलेला कागद, वाळला की वडील अगदी बारीक ब्रश घेऊन, ओठांनी टोक करून, शाईच्या ठिपक्या-ठिपक्यांनी कुंकू भरायचे. एका झटक्यात गोल काढला तर चिकटवल्यासारखा दिसतो. ठिपके देत गेलं की कातडीत मुरतं. लग्नाचा फोटो गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते तीन गोष्टी बोट ठेवून तपासायचे : कुंकू, मंगळसूत्र, नथ. मला शिकवताना सांगायचे, चेहरा नंतर बघ, आधी हे बघ.

हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. वडील रोज दहा बायकांच्या कपाळाकडं बघायचे म्हणून त्यांना ते दिसायचं.

रानजाई

हायपोकाका, "चेहरा नंतर बघ" हे वहीत लिहून ठेवलं.

स्फटिक, आकडे घेतले. प्रत्येक जागी चार-पाच ठिकाणी टेकवून सरासरी काढली.

कुंकू : लाल १७०, हिरवा २५, निळा ३५.
कपाळ : लाल १६५, हिरवा ११५, निळा ८५.
गोंदण : लाल ८५, हिरवा ९०, निळा ८४.

लालमध्ये कुंकू १७० आणि कपाळ १६५! आता दिसतंय. आणि निळ्यात गोंदण ८४, कपाळ ८५. म्हणजे फक्त निळा ठेवला असता तर गोंदण गायब झालं असतं.

स्फटिक

हे आकडे कुणी पाठ्यपुस्तकात छापावेत इतके स्वच्छ आहेत.

तुम्ही शेवटी जे लिहिलंत त्यातूनच एक मोठी गोष्ट निघते. फोटोग्राफीच्या पहिल्या काही दशकांत सगळी रसायनं फक्त निळा उजेड ओळखायची. १८७३ साली हरमान फोगेल यांना सापडलं की काचेच्या प्लेटवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तो हिरव्यालाही दाद देऊ लागतो. लाल दिसायला आणखी वेळ लागला. आपल्याकडं मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे वर्ग सुरू झाले. त्या काळातल्या आपल्या माणसांचे जे फोटो आहेत ते सगळे निळ्या डोळ्यानं पाहिलेले. त्यात कुंकू काळं दिसेल, गोंदण पुसट दिसेल किंवा दिसणारच नाही, आभाळ कायम कोरं पांढरं.

म्हणून जुन्या फोटोत एखाद्या बाईच्या अंगावर गोंदण दिसत नाही, यावरून ते नव्हतंच असं म्हणता येत नाही.

कातळसडा

स्फटिक, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी उठून माळ्यावर गेलो.

आम्ही रत्नागिरीचे. पणजीचा एकच फोटो आहे, काचेच्या निगेटिव्हवरचा. माझी आजी सांगायची की तिच्या सासूच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं. फोटोत हात मांडीवर ठेवलेले स्पष्ट दिसतात आणि गोंदण नाही. घरातले सगळे म्हणायचे, आजीला दुसरंच कुणी आठवत असेल. ती जाईपर्यंत हेच ऐकत गेली. आता काच उजेडासमोर धरून भिंग लावलं. कपाळावर कुंकू आहे, अगदी काळं. ओठही काळे. म्हणजे हायपोकाका म्हणतात तशी लाल न दिसणारीच प्लेट. आणि डाव्या मनगटापाशी, जिथं उजेड तिरका पडलाय तिथं, अगदी पुसट, दोन रेघा आहेत. त्या गोंदणाच्या की ओरखड्याच्या हे मी छातीठोक सांगणार नाही. पण आजी चुकली असं आता मी म्हणणार नाही.

या निमित्तानं कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना हात जोडून विनंती. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा. आमच्या डब्यातल्या निम्म्या बुरशीनं गेल्या. बुरशी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे. ते पाण्यानं धुवायला जाऊ नका, मी तीच चूक केली. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, बुरशीनं तो खाल्ला की पाण्यात विरघळायला लागतो. माझ्या काकांच्या मुंजीची अख्खी पट्टी डोळ्यांदेखत वाहून गेली. कोरड्या मऊ ब्रशनं जेवढं निघेल तेवढंच काढा. मग प्रत्येक पट्टी वेगळ्या कागदी पाकिटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुडीचा रंग बदलला की तव्यावर किंवा उन्हात वाळवून परत ठेवा.

आणि डिजिटल प्रत करून ठेवा. ३५ मिलिमीटरची फ्रेम २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० टिंबांनी, स्कॅन केली तर साधारण ३४०० बाय २२६८ टिंबं मिळतात, घरगुती छपाईला पुष्कळ झाली. स्कॅनर नसेल तर टॅबलेटवर पांढरा पडदा लावून निगेटिव्ह त्याच्यापासून दोन-तीन इंच वर धरा आणि कॅमेऱ्यानं फोटो काढा. अगदी टेकवली तर पडद्याची टिंबं फोटोत येतात.

दिंडी

रत्नागिरीकर, तुमच्या आजीसाठी वाईट वाटलं.

मी वारीत फोटो काढतो, दरवर्षी पुणे ते सासवड आणि जमलं तर पुढं. वारी कृष्णधवलमध्ये का खुलते याचं माझं उत्तर या धाग्यात आत्ता सापडलं. वारकऱ्याच्या कपाळावर गोपीचंदन आणि बुक्का. एक फिका, एक काळा. कुठलाही चॅनल (लाल, हिरवा, निळा यांतला एक आकडा) लावा, कुठलाही फिल्टर लावा, दोन्ही उरतातच. धोतर-टोपी पांढरी, घोंगडी काळी, आषाढातलं आभाळ राखाडी. रंग काढल्यावर काहीच हरवत नाही असं दृश्य क्वचित मिळतं.

पण नव्या लोकांचे वारीचे फोटो मळकट येतात, त्याचं कारण वेगळं आहे. कॅमेऱ्याचा मीटर असं धरून चालतो की समोर सरासरी मध्यम राखाडी आहे. दिवे घाटात तुमच्यासमोर पाच हजार पांढऱ्या टोप्या असतात. मीटर म्हणतो, फार उजेड झाला, आणि सगळ्यांना राखाडी करून टाकतो. तिथं एक्स्पोजर एक ते सव्वा स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). याच्या उलट, घोंगडी पांघरून बसलेला एकटा म्हातारा चौकट भरून घेतला तर मीटर घोंगडीला राखाडी करतो आणि चेहरा जळतो. तिथं कमी करायचं. मी तर स्पॉट मीटर (छोट्याशा जागेचाच उजेड मोजणारा) चेहऱ्यावर लावतो आणि टोपीत धाग्यांची वीण दिसतेय का एवढं पडद्यावर मोठं करून बघतो. वीण दिसली म्हणजे पांढरा वाचला.

पाणवठा

धागा चांगला चाललाय, तरी मनातलं बोलतो.

रानजाई, फोटो पुन्हा कृष्णधवलच करायचा हे कुणी ठरवलं? आजीनं हिरवी इरकल नेसली होती, लाल कुंकू लावलं होतं. तिनं सणाच्या दिवशी स्वतःसाठी निवडलेले रंग होते ते. ते काढून टाकून तिला आपण 'कलात्मक' करतो. मी गेली काही वर्षं बघतोय, खेड्यातला म्हातारा चेहरा दिसला की लोक रंग उतरवतात, सुरकुत्या वाढवतात. शहरातल्या आपल्या आईचा फोटो मात्र रंगीत ठेवतात. जेजुरीचे कृष्णधवल फोटो तर मला बघवत नाहीत. सोमवतीला भंडारा उधळला जातो, सगळा गड पिवळा होतो, तो पिवळा हाच तिथला देव आहे. कृष्णधवल केलं की धूळ उडाल्यासारखं दिसतं.

दिंडी

जेजुरीबद्दल अगदी सहमत. मी तिथं रंगीतच काढतो.

घाटमाथा

पाणवठा, अर्धं पटलं. जिथं रंगच अर्थ सांगतो तिथं तो काढू नये. पण कृष्णधवल म्हणजे माणसाला गरीब, केविलवाणं करणं, हे नाही पटलं. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जे काम केलंय ते बघा. त्या फोटोंसाठी ते वर्षानुवर्षं त्या वस्त्यांत, त्या गटारांपाशी गेले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत मला घाणीचे रंग दिसत नाहीत म्हणूनच त्या माणसाच्या डोळ्यांकडं बघावं लागतं. ते फोटो रंगीत असते तर मी नाक मुरडून पान उलटलं असतं, हे मी माझ्याबद्दल प्रामाणिकपणे सांगतो.

हायपो

दोघांचंही बरोबर आहे. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे फोटो मी तरुणपणी मासिकांतून कापून ठेवायचो. जे. जे.मध्ये शिकलेल्या, पुढं दिल्लीत काम केलेल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या. त्यांच्या फोटोंतली माणसं मोठ्या हुद्द्याची, भारी कपड्यांतली, आणि तरी सगळे कृष्णधवल. म्हणजे तेव्हा कृष्णधवल हा गरिबीचा रंग नव्हता. सगळ्यांचाच तो होता. राजाचा आणि शिपायाचा फोटो एकाच ट्रेमध्ये धुतला जायचा. आज आपण निवडून काढतो, म्हणून पाणवठा यांचा प्रश्न आज विचारायलाच हवा.

रानजाईताईंनी तो आजीलाच विचारावा.

रानजाई

पाणवठा, तुमचा प्रतिसाद वाचून मला आधी राग आला, मग दोन दिवस काही लिहिलं नाही. काल आजीला फोन केला. तिला सरळ विचारलं, फोटो रंगीत करू की आधीसारखा काळा-पांढरा?

ती म्हणाली, काळा-पांढराच कर. तिच्या लग्नाचा एक फोटो होता तसा, तिच्या सासऱ्यांनी साताऱ्याहून फोटोवाला आणून काढलेला. घर पडलं त्या पावसात तो गेला. "तसा दिसला पायजे," म्हणाली. "पर कुकू दिसलं पायजे."

हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

पाणवठा

मग माझं काही म्हणणं नाही. करा, आणि उत्तम करा.

अभ्रक

मी या सगळ्यात नवा आहे. कॉलेजात आहे, नुकताच जुना फिल्म कॅमेरा मिळालाय. माझ्या आजीचा फोटो फिल्मवर काढायचा असेल तर कुंकवासाठी काय करू? डिजिटलसारखे चॅनल तर नाहीत. आणि फिल्म घरी धुता येईल का?

हायपो

अभ्रक, चॅनल आहे, तो लेन्सच्या पुढं लावायचा असतो. पिवळा-हिरवा फिल्टर मिळतो, माणसांच्या फोटोला तोच लाव. साधी पॅन फिल्म, एचपी ५ सारखी, आणि बल्बचा उजेड टाळून खिडकीचा उजेड. कुंकू व्यवस्थित गडद येईल. किंवा इलफर्डची ऑर्थो प्लस फिल्म घे, ती आता ३५ मिलिमीटरमध्येही मिळते. माझ्या वडिलांच्या काळचं कुंकू येईल. फक्त तिचा वेग, म्हणजे उजेड टिपायची ताकद, दिवसाच्या उजेडात ८० आहे, कमीच, म्हणजे आजीला हलू नको म्हणावं लागेल.

धुणं घरी होतं. अडचण पाण्याची. सगळे तक्ते २० अंशांचे, आपल्या नळाला उन्हाळ्यात ३० अंशांचं पाणी. एचपी ५ ला आयडी ११ किंवा डी ७६ हे डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पूर्ण ताकदीचं घेतलं तर २० अंशांना साडेसात मिनिटं. गरम पाण्यात ती वेळ इतकी कमी होते की फिल्म सारखी धुतली जात नाही, पट्टे पडतात. म्हणून डेव्हलपर एकास एक पाण्यात पातळ कर, मग आयडी ११ ला २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ अंशांना साधारण नऊ. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या बादलीत ठेव, पण बर्फ बाटलीत टाकू नकोस. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि शेवटचं धुण्याचं पाणी, सगळं जवळपास एकाच तापमानाचं हवं. आणि फिक्सरनंतर भरपूर धू. जुने फोटो पिवळे पडतात त्यातले कितीतरी हायपो, म्हणजे फिक्सरच, नीट धुतला गेला नाही म्हणून.

स्फटिक

रानजाई, तुमच्या आकड्यांवर मी थोडं गणित केलं. जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेलं एक प्रमाण आहे : लाल ३०, हिरवा ५९, निळा ११ टक्के. आपल्या डोळ्याला उजेड ज्या प्रमाणात जाणवतो त्याच्या जवळ जाणारं. तुमचे आकडे त्यात घातले तर कुंकू साधारण ७०, गोंदण ८८ आणि कपाळ १२७. म्हणजे तिन्ही वेगळे. कुंकू सगळ्यात गडद, गोंदण त्याच्याखालोखाल.

घाटमाथा

मी तर सुचवणार होतो की लालच ठेवा आणि कुंकवाला तेवढा मास्क लावून, म्हणजे बाकी फोटो झाकून, गडद करा. पण मग ते खोटं होईल का, असंही वाटत होतं.

हायपो

खोटं का व्हावं? वडील ब्रशनं तेच करत होते, कुंकू होतंच कपाळावर. पण मिश्रणानंच काम होत असेल तर ब्रश कशाला उचलायचा. ब्रश शेवटी.

रानजाई

काल गावाहून परत आले. सविस्तर लिहिते.

स्फटिक यांचंच मिश्रण ठेवलं, जवळपास ३०-६०-१०. मास्क लावला नाही. पडद्यावर फोटो उघडला तेव्हा पहिल्यांदा जरा निराशा झाली, हे खरं सांगते. लाल फिल्टरमध्ये तुळस ठसठशीत होती, आता ती शोधावी लागते. कातडी सावळी झाली, गालावरचे उन्हाचे डाग परत आले, आजोबांच्या मानेवरच्या रेघा परत आल्या. हिरवी इरकल आता काळी नाही, मधली राखाडी आहे, आणि त्यामुळे तिच्या चौकड्यांची वीण दिसते. आधीच्या फोटोत ती नव्हतीच, आणि तेही मला दिसलं नव्हतं. लाल काठ गडद. त्या काठाचा आणि कुंकवाचा टोन एकच आहे, त्यामुळे नजर काठावरून चढत कपाळापर्यंत जाते. हे मी केलेलं नाही, तिनंच सकाळी जुळवून नेसलं होतं.

छापण्याआधी हायपोकाकांच्या वडिलांसारखं बोट ठेवून बघितलं. कुंकू. मंगळसूत्र. नथ तिनं त्या दिवशी घातली नव्हती.

आजीनं चष्मा लावून बघितलं. बोट कुंकवावर ठेवलं, मग आजोबांच्या टोपीवर, मग हनुवटीच्या ठिपक्यांवर. "आता हाय," म्हणाली. आजोबांनी लगेच खिळा मागितला. आत्यानं जुना फोटो चौकटीतून काढून नवा घातला, सोप्यातच, जिथं तो काढला होता त्याच भिंतीवर लावला.

संध्याकाळी आजी आपणहून गोंदणाचं सांगायला लागली. लहानपणी पुसेगावच्या जत्रेत गोंदून घेतलं, आईनं हात धरून ठेवले होते, तुळस गोंदताना ती इतकी ओरडली की गोंदणारणीनं दोन पानं कमीच काढली. म्हणून त्या तुळशीला एका बाजूला तीन पानं आहेत आणि एका बाजूला एक. मी ती पानं मोजली होती, पण मला वाटलं होतं की झिजली असतील. मग तिनं पदर सारून उजवा हात दाखवला. मनगटापासून वर रामसीतेचं स्वयंपाकघर, विंचू आणि तिच्या भावाचं नाव. भाऊ लहानपणीच गेला. ते अक्षर आता फार फिकं झालंय, चामडी सुरकुतलीय. मला तो हात नीट काढून ठेवायचा आहे. पुढच्या रविवारी परत जातेय. उजेड कुठून घेऊ आणि कसा करू?

दिंडी

उजेड अगदी तिरका घेऊ नका, सुरकुत्यांच्या सावल्या अक्षरावर पडतील. समोरून, मऊ. ढगाळ दिवस असेल तर अंगणातच बसवा. हात घोंगडीवर ठेवायला सांगा, आणि एक्स्पोजर हातावर मोजा.

कातळसडा

आणि काढल्या काढल्या दोन ठिकाणी साठवून ठेवा, ताई.

हायपो

या वेळी लालच घ्या, पूर्ण लाल. हातावर कुंकू नाही. हिरव्या बांगड्या काळ्या येतील तेवढ्या, ते आधीच आजींना सांगून ठेवा.